हाताचा गुण

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून सगळ्यांनाच डोळे मिटून बसवलं होतं. कोपऱ्यातल्या बाईंना दुसरं काम नव्हतं, म्हणून त्या समोरच्या मावशी-भाचीचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

“मावशी, प्रयोगशाळेत तुझ्या नि थोरल्या जाऊबाईंच्या कुंडीतली काढ्याची पानं तपासली. तुझ्या पानांत जिवाणू निघाले.”

“शक्यच नाही! तीनदा धुऊन दिली होती.”

“अगं, पानाच्या आत राहतात ते. खोकल्याचं औषध तेच बनवतात. तुझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पानांत एकही नाही.”

“रोप तर एकच. मीच फांदी दिली होती.”

“त्या कुंडीत जंतुनाशक ओततात का?”

“दर रविवारी.”

“मग मेले बिचारे! असलं त्यांना कुणी सांगितलं?”

“मीच.”

“मावशी!”

“हळू बोल. मला वाटलं, रोपच मरेल. मेलं मेलं म्हणता चांगलं फोफावलं. पण त्यांच्या काढ्याला कुत्रं विचारत नाही, नि माझ्याकडे अख्खी गल्ली येते. माझ्या हाताला गुण आहे ना!”

“हाताला नाही, जिवाणूंना.”

“असेना का. जाऊबाईंच्या कानावर जाता कामा नये.”

कोपऱ्यातल्या बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले.

“धाकट्या जाऊबाई, या रविवारपासून नाही हो ओतणार.”