रबराला लावलेला रंग

माझं माहेर करमाळ्याकडचं, पन तिथं आता आपलं म्हनावं असं कोनी उरलं न्हाई, म्हनून गाव कुठलं म्हनून कुनी इचारलं की मी घाटकोपरच सांगते. आईबाप खडी फोडायला जायचे. आमी बौद्ध लोक, चार बहिनी, त्यात मी सगळ्यात तोंडाळ. आई म्हनायची, ह्या मंदीच्या जिभेला हाड न्हाई, हिला सासरी दोन दिवससुद्धा ठेवून घेनार न्हाईत. घेतली ना पन ठेवून! सासू शेवटचं पानी माझ्या हातचं पिली आन मग म्हनली की मंदा फटकळ हाय पन मनानं चांगली हाय. चांगलं बोलायला मानसं मरायला टेकेपर्यंत का थांबतात काय म्हाईत.

लग्न होऊन आले ती घाटकोपरच्या डोंगरावर, तवा पत्र्याची खोली व्हती आन पानी खालनं भरून आनायचं. आमचे हे, किसन नाव त्यांचं, ते तवापासनं गोदीत नेव्हीच्या बोटींवर ठेकेदाराकडं चिपिंगला. चिपिंग म्हंजे हातोडीनं, मशिनीनं गंज खरवडून काढायचा आन वर रंग मारायचा. लोखंडाच्या खोलीत दिवसभर ते ठान ठान, काय सांगू तुमाला, ह्यांचे कान त्यातच गेले. आमी घरात एकमेकांशी वरडूनच बोलायचो, शेजारी नवीन भाडेकरू आला की त्याला वाटायचं ह्या घरात रोज भांडन चालतं. भांडन बी व्हायचंच म्हना, पन तेवढं न्हाई.

पोरगी थोडी मोठी झाल्यावर ह्यांच्याच ठेकेदारानं मला साकीनाक्याच्या गाळ्यात घेतलं. त्याची दोन्ही कामं, गोदीत ह्यांची रंगाची ग्यांग आन इकडं गाळ्यात आमी चार बायका. बोटीवर जाड लोखंडी दरवाजे असतात, एकदा आवळून लावले की एका खोलीतलं पानी दुसरीत जात न्हाई, त्या दरवाज्यांना आत चारी बाजूनी रबराची पट्टी बसवतात. ती पट्टी मापानं कापायची, कोपऱ्यात तिरकी छाटून जोडायची, ते माझं काम. मी बोट कधी बगितली न्हाई. आतमधी जायला गेटचा पास लागतो, तो ह्यांच्याकडं व्हता, गळ्यात अडकवलेला, घरी आले की खिळ्याला टांगायचे आन पोरीला पन हात लावू द्यायचे न्हाईत. डोंगरावरच्या मानसाला सरकारच्या गेटमधनं शिपाई सलाम ठोकून आत सोडत न्हाई, पन अडवत तर न्हाई, असं म्हनायचे.

तर बोटीची इन्स्पेक्शन म्हंजे काय ते सांगते, शिकलेली न्हाई मी, पन ऐकून ऐकून पाठ झालंय. सायेब लोक येतात आन बोटीवरची एकूनएक वस्तू बगतात, पंप चालतो का, आगीचा पाइप फुटलाय का, दरवाजा नीट लागतो का. ती तारीख जवळ आली की आमच्या लोकांना जेवायला फुरसत न्हाई. आन गोदीतली रीत अशी की इन्स्पेक्शन म्हनलं की पयले रंग. गंज दिसला, रंग. डाग दिसला, रंग. मुलगी बगायला पावने येनार म्हनलं की आपन भिंतीला चुना मारतो ना, तसंच ते. आमचा ठेकेदार, शेठ म्हनतो आमी त्याला, तो तर म्हनायचा, सायेबाच्या नजरेला एक ठिपका लागला न्हाई पायजे, बाकी मी बगून घेतो.

पन रबराला रंग लावायचा न्हाई. हे तिथं काल आलेल्या मानसाला बी ठावं असतं. रबरानं दबायला पायजे, रंग लागला की ते कडक हुतं, मग फट राहती आन फटीतनं पानी. म्हनून दरवाजा रंगवायच्या आधी रबरावर कागदी टेप चिकटवायची आन रंग वाळला की सोलून काढायची. आमच्या ह्यांनी कितीक नव्या मानसांना हे शिकवलं असंल, त्यांना गोदीत मास्तर म्हनायचे. आन सायेब लोक बगतात कसं, तर चौकटीच्या धारेला खडू घासतात, दरवाजा आवळून लावतात आन उघडून रबरावर खडूची रेघ बगतात. रेघ सलग उमटली तर पास, मधी तुटली तर तिथनं पानी येनार.

मागच्या वर्षी अशीच एक मोठी बोट आली, तिच्या दरवाज्यांचं रबर सगळं माझ्या हातचं. इन्स्पेक्शनची तारीख सायेबांनी अलीकडं घेतली, मग तर बगायलाच नको, हे सकाळी जायचे ते पार दमून यायचे, बोलायचं त्रान न्हाई. झालं, इन्स्पेक्शन झाली आन कळलं की एक दरवाजा नापास झालाय. रेघ तुटली. मी म्हनलं असं हुईलच कसं, माझं रबर आजपर्यंत नापास झालेलं न्हाई. ह्यांना इचारलं तर ते म्हनले, हुतं कधी कधी, आन भिंतीकडं तोंड करून झोपले.

दोन दिवसांनी दुपारी शेठ गाळ्यात आला, संगं नेव्हीचा सायेब, पांढरेशुभ्र कपडे, तरना पोरगा, आमच्या जावयाएवढा. माझ्या फळीवर ती काढून आनलेली पट्टी ठेवली. शेठ म्हनतो, मंदाबाई, हे रबर आलं तवाच कडक होतं ना, माल देनाऱ्यानंच जुना माल दिला ना, आन डोळ्यानं खुनावतोय. मला वाटलं हा मालावर ढकलून सोताची कातडी वाचवतोय आन शेवटी माझ्या कामाला बट्टा लावनार. डोकंच फिरलं माझं. पट्टी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली, नखानं खरवडलं तर काळा पापुद्रा निघाला, वास घेतला तर रंग पातळ करायच्या थिनरचा भपकारा.

मी म्हनलं, न्हाई सायेब, रबर चांगलंच व्हतं. कुनीतरी ह्याला थिनर चोळलाय आन वर काळा रंग मारलाय. त्या दरवाज्याच्या भरवशावर आत मानसं झोपतात, ज्यानं हे केलं त्याला परत बोटीवर पाय ठेवू देऊ नका.

सायेब म्हनला, थँक यू मावशी, खरं बोललात. शेठ खाली मान घालून उभा राहिला. बाकीच्या तिघी बायका माझ्याकडं बगतच राहिल्या, मला तर वाटलं मी काय लढाई जिंकली. येताना बोंबील घेतले, ह्यांना आवडतात म्हनून. जेवताना ह्यांना सगळं वरडून वरडून सांगितलं, सायेब कसा बोलला, शेठचं तोंड कसं झालं, आन तो मेला रंगवाला कोन असंल त्याला मी काय काय शिव्या दिल्या, त्याच्या सात पिढ्या काढल्या. हे ऐकत व्हते. एवढंच म्हनले, बरं केलंस. ताटातलं सगळं संपवलं. मी इचारलं अजून वाढू का, तर वाढ म्हनले.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात शेठनं मला बाजूला घेतलं. म्हनला, बाई, तुमाला डोळ्यानं खुनावत होतो ना मी, तो रंग तुमच्या किसननं मारलाय. तुमच्या घरासाठीच मी मालावर ढकलत होतो. आता मोठ्या सायेबानं त्या दरवाज्यावर कोन होतं ते शोधलं आन त्याचा पास काढून घेतला, माझ्या हातात काय राहिलं न्हाई.

शेठ आमच्या घरासाठी करत व्हता का सोताच्या ग्यांगसाठी ते त्याचं त्याला ठावं, पन पास गेला तो गेलाच. तिथं एकाला नको झालेला मानूस दुसऱ्या ठेकेदाराला बी नको असतो. हे चारपाच ठिकानी जाऊन आले. मग जावयानं दिंडोशीला एका सोसायटीत वॉचमनचं बगून दिलं, तर वरनं बाया हाका मारायच्या आन ह्यांना ऐकू यायचं न्हाई, गाडीवाला भोंगा वाजवून वाजवून शिव्या द्यायचा. महिना भरायच्या आत सोसायटीवाल्यांनी सांगितलं, काका, उद्यापासून येऊ नका. तेव्हापासनं हे घरी. आधी दाढी तरी करायचे, आता ती बी मी म्हनल्याशिवाय करत न्हाईत.

मी लई दिवस कळ काढली. मग एकदा भांडलेच, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आन म्हनलं, दुनियेला शिकवलंत रबराला रंग लावू नका म्हनून, मग तुमाला काय धाड भरली व्हती. बायकोला कळू तरी द्यायचं, मी त्या दिवशी जीभ आवरली असती. मला वाटलं चिडतील. चिडले न्हाईत. सावकाश सांगितलं, घाईत टेप सुटली व्हती आन पांढऱ्या रंगाचे शिंतोडे रबरावर उडाले. पुसून निघंना म्हनून थिनर चोळला, तर पांढुरका पट्टा पडला, लई घान दिसायला लागलं. सायेब येऊन बगनार आन म्हननार, हे असलं कुनी बसवलंय, म्हनून वरनं काळा रंग मारला.

मग म्हनले, तुझं काम व्हतं ते, मंदे. तसं डागाळलेलं सोडून यायचं माझ्या जिवावर आलं.

म्हंजे बगा, दुसऱ्या कुनाच्या हातचं रबर असतं तर त्यांनी तसंच सोडलं असतं आन आज पास गळ्यात असता. ह्याच्यावर बाईनं काय बोलायचं, तुमीच सांगा. मी आत गेले आन भांडी घासत बसले, घासलेलीच परत घासली.

अजून जाते मी साकीनाक्याला. जायलाच लागतं. बोट आली की रबर येतं, कापते, जोडते. शेठ आता मला काय इचारत न्हाई, सायेब आला की मलाच चहा सांगायला बाहेर पाठवतो. हे दारात बसलेले असतात, मी निघाले की हळू जा म्हनतात. कधी राग न्हाई, टोमना न्हाई. एकदा तरी म्हनावं, तू माझी वाट लावलीस म्हनून, म्हंजे मला बी उलटून भांडता येईल, पन न्हाई म्हनत. हे असं गप सोसनं मला सोसत न्हाई.

ती बोट गेली म्हनतात समुद्रात, दरवाज्याला नवीन रबर बसवलं, ते बी मीच कापलं. तिच्यावरची पोरं सुखरूप राहू देत, कुनाची तरी लेकरं ती. मी खोटं बोलले असते तर त्यांचं काय झालं असतं, म्हनून मी मनाला सांगते की मंदा, तू बरोबर बोललीस. आन घरी येऊन ह्यांच्याकडं बगितलं की वाटतं, त्या दिवशी मेले असते तर बरं झालं असतं. दोन्ही खरंच हाय, आन दोन्ही मलाच घेऊन झोपायचं हाय.