शुक्रवारची सही

“कुणीतरी मुद्दाम दाबून ठेवलीय गं तुझी ती जुन्या कागदांची पेटी, दुसरं काय! बस आधी. आणि रडायचंच असेल तर इथे कँटीनमध्ये रडून घे, वर वाचनकक्षात नको — तिथे नाक ओढलं तरी चार माना वळतात. तीन दिवस ‘दुसऱ्या वाचकाकडे आहे’ एवढंच सांगतात ना? सांगणारच. कुणाकडे आहे ते सांगायचं नाही, असा नियम आहे इथे. फार सभ्य लोक! ताकास तूर लागू देत नाहीत. कॉफी घे. मशीनचीच आहे, पण गरम आहे.

हे बघ, परदेशात एवढ्या मोठ्या ग्रंथालयात फेलोशिप मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नसतं. तुझे चार महिने आहेत ना? चार महिने म्हणजे काहीच नाही गं, डोळे चोळेपर्यंत संपतात. मला दोनदा मुदतवाढ मिळाली — उगाच मिळाली का? बुधवारी संचालकबाईंची कॉफी असते, ती चुकवायची नाही. कागदात डोकं घालून बसणाऱ्यांना कुणी ओळखत नाही इथे. आणि काउंटरवरच्या म्हातारबुवांना आपलंसं करायचं, मी बिस्किटं नेते त्यांना. हे माहेर नाही बाई, सासर आहे. किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत ते आधी बघायचं.

आता तुझ्या या एकशे चौदा नंबरच्या पेटीचं. आपल्या नावावरची पेटी राखीव खणात आठवडाभर राहते. शुक्रवारी वहीत सही केली की अजून एक आठवडा. संपलं. उघडलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? कितीही शुक्रवार करा — मला कसं माहीत म्हणजे? सगळ्यांनाच माहीत असतं. नवीन आहेस म्हणून तुला नाही. पण तू त्या पेटीच्या मागे हात धुवून का लागलीस, मी म्हणते! विषय बदल. थोडासा वळव. तसंही तिच्याबद्दल तुला सांगितलं कुणी? — तुमच्या कॉलेजातल्या बाईंनी? कोण गं? बारीकशा? बोलताना चष्मा पुसतात? — अगंबाई! मुंगी! आम्ही मुंगी म्हणायचो तिला. शिकवते का अजून? तासावर? कायम नाही झाली? अरेरे.

एकाच सरांकडे होतो आम्ही दोघी. इथेही बरोबरच आलो, तिला फक्त तीन महिने मिळाले होते. याच पेटीसाठी आलेली — कुठल्याशा दाईच्या वह्या. रोज दहाच्या ठोक्याला काउंटरवर उभी, आणि रोज तेच उत्तर. मग या इथे, तुझ्याच खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, ‘ताई, कोण असेल गं इतकं दुष्ट?’ मीच कॉफी आणून द्यायची. पाठीवरून हात फिरवायची. दोन वर्षांची पोर नवऱ्याकडे ठेवून आली होती. शेवटी शेवटी पोर फोनवर तिला मावशी म्हणायला लागली — आम्ही हसलो किती! म्हणजे मी हसले. ती चष्मा पुसत बसली.

वाईट वाटतं ना, वाटतंच. पण तिचंही चुकलं. सर उठता बसता ‘मुंगीकडून शीक, मुंगीकडून शीक’. का, तर तिला ते जुनं गिचमीड अक्षर पेपर वाचल्यासारखं वाचता यायचं. मला — मलाही येतं, थोडं थोडं. दोन वर्षं ती वाचायची आणि मी उतरवून घ्यायची. उतरवून घेणं काय काम नसतं? हात मोडतो! माझा प्रबंध त्यावरच झाला. नाव माझं, कष्ट माझे. त्या काळच्या दायांनी स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही, असा सिद्धांत आहे माझा. पुढच्या महिन्यात पुस्तक येतंय. सगळीकडे मान्य झालेली गोष्ट आहे ती. आता त्यात कुणाच्या एकवीस वह्या कुठे बसवू मी? — एकवीस तूच म्हणालीस ना? नाही? मग यादीत वाचलं असेल कधीतरी. मी कुठे पाहिल्यात! करड्या पुठ्ठ्याची पेटी, लाल सुतळी, तिला ती गाठ — सगळ्याच पेट्या तशा असतात इथे. अशी काय बघतेस?

बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. वह्या असतील, नसतीलही. एका दाईने खरडलं म्हणून काय इतिहास बदलतो? आणि तू काय करणार आहेस वाचून — मुंगीसारखी तासावर शिकवणार? माझ्या पुस्तकावर काम कर. मी तुझ्यासाठी संचालकबाईंशी बोलते, मुदतवाढ मिळवून देते. मार्गदर्शक लागेल, मी आहे. ती हातातली पेटीच्या मागणीची चिठ्ठी फाडून टाक. आण इकडे. — अगं, आण म्हणते ना! मुंगीला काही सांगायची गरज नाही. तिला सांग, पेटी हरवली. लोकांना हरवलेलं पटतं, त्रास कमी होतो. मी काय शत्रू आहे तुझी? ज्याने कुणी ती पेटी धरून ठेवलीय, त्याचीही काही बाजू असेल की! आयुष्यभराचं काम कुणी असं एका सुतळीच्या गाठीवर — जा बाई, जा तू. ऊठ. मलाही कामं आहेत.”

मुलगी उठली नाही. चिठ्ठी तिने मुठीत घट्ट धरली होती. तेवढ्यात काउंटरवरचे म्हातारबुवा वही काखेत मारून जिना उतरून आले, बाईंसमोर टेबलावर ती उघडून ठेवली आणि पेन्सिल पुढे केली.

“मॅडम, शुक्रवार आज. एकशे चौदाची सही राहिलीय. आणि सुतळी सोडायचीच नसेल, तर वरची धूळ तरी पुसून ठेवू का?”