दाढ टप्प्याटप्प्यानं

दातांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाईंचा नंबर या तिघांच्या मागे होता. मामांचा गाल सुजून टम्म झालेला, मामी मुकाट्यानं विणत बसलेल्या, आणि सॉफ्टवेअरवाली भाची उद्या नवशिक्यांना शिकवायचा धडा मामांवर गिरवत होती. बाईंनी पुस्तक नुसतंच उघडून धरलं; कान या तिघांकडेच होते.

“अजाइल म्हणजे, मामा, सगळं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. दोन आठवड्यांत थोडंसं करायचं, ग्राहकाला दाखवायचं, त्याचं मत घ्यायचं आणि मग पुढचं.”

“वा! मग डॉक्टरांना सांग, आज मी फक्त तोंड उघडतो. दाढेचं पुढच्या पंधरवड्यात बघू.”

“अहो मामा, अर्धी दाढ कुणी काढतं का?”

“बरं, ग्राहकाचा बेत ऐन वेळी बदलला तर?”

“तर ऐकायचं. तेच तर यातलं मर्म.”

“मग बदलला. चला घरी.”

“मामा, बसा! आत बोलावतायत.”

“धडा तुझाच, बाळ. ग्राहक म्हणेल ती पूर्व दिशा.”

मामींच्या सुया थांबल्या. “ग्राहक म्हणजे नेमकं कोण गं?”

“ज्याच्या सोयीसाठी काम चाललंय तो, मामी.”

“यांच्या कण्हण्यानं तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. म्हणजे ग्राहक मी. दाढ आजच निघेल, अख्खी.”

“अगं, मग मी कोण?”

“तुम्ही काम, मामा. चला, व्हा आत.”