जमनाबाईंचं पहिलं मेंडोलिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय उकंडराव पतंगे साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेल्या मुख्याध्यापिका पुनम मॅडम, शालेय समितीचे सन्माननीय सदस्य, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर बंधुभगिनी, तांड्यावरून जीप करून आलेली पाहुणे मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि जिच्यासाठी हा मंडप भरला आहे ती, अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसलेली आमची सत्कारमूर्ती, जमनाबाई आडे.

बाई, आज तरी मागे टेकून बसा. पाहुण्यांना पाणी दुसरं कोणीतरी देईल.

माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांनी बाईंच्या वक्तशीरपणाचा गौरव केला. तो योग्यच आहे. एकतीस वर्षं या शाळेचं कुलूप त्यांनी उघडलं आणि त्यांनीच लावलं. पण मी, विजयकुमार, या शाळेचा संगीत शिक्षक, आज वेगळं काही सांगण्यासाठी उभा आहे. बाईंनी ते मला आजवर बोलू दिलं नाही. आज त्या सेवेतून मोकळ्या झाल्या, तेव्हा मलाही त्या बंधनातून मोकळं समजावं, ही अध्यक्षांना विनंती.

सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता. स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मुलींच्या समूहगीताला मी मेंडोलिनची साथ करत होतो. अचानक डाव्या हाताची बोटं तारांवरून घसरली, आणि मी खुर्चीसकट कोसळलो तो थेट वाद्यावर. अर्धांगवायूचा झटका होता. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला. डावा पाय हळूहळू चालू लागला, पण डाव्या हाताची बोटं काही वळेनात. मेंडोलिन वाजवणाऱ्यांच्या सगळ्या कसबाचा भार डाव्या बोटांवर असतो. ती तारा दाबतात तेव्हा सूर निघतो, उजवा हात फक्त छेडतो. माझी बावीस वर्षांची विद्या त्या चार बोटांत होती. आणि ते वाद्य? त्याचं पोट माझ्याच अंगाखाली फुटलं होतं.

सज्जनहो, त्या काळात मी कसा वागलो हे आठवलं की आजही मान खाली जाते. भेटायला आलेल्यांशी बोलत नव्हतो. घरात रेडिओ लावू देत नव्हतो. माझी पत्नी निलम समोरच बसली आहे, तिनं काय सोसलं ते तीच जाणे.

एका रविवारी सकाळी जमनाबाई आल्या. विचारपूस झाली, चहा झाला. मग म्हणाल्या, "सर, ते फुटलेलं वाजंत्र कुटं हाय?"

मी म्हणालो, "माळ्यावर आहे. न्या आणि चुलीत घाला."

त्यांनी ते खरंच नेलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा हजर. हातात पत्र्याची एक लांब पट्टी. म्हणाल्या, "उजवा हात पुढं करा बरं. बोटं मापायचीत."

"कशाला?"

"उजव्या हातानं तारा दाबायच्या, डाव्यानं छेडायचं. तसलं उलटं वाजंत्र करून राहिले मी."

मी संतापलो. माझी थट्टा मांडली आहे का, असं ओरडलो. माझा डावा हात लुळा आहे, तो काय छेडणार? बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "त्या रोजी चहाच्या कपावर माशी बसली व्हती. कोण्या हातानं हाकलली तुमी?"

मला आठवेना. निलम हळूच म्हणाली, "डाव्या हातानं."

"बोटं न्हाई चालत, पण कोपर चालतंय," बाई म्हणाल्या. "छेडायला कोपर बास हाय. द्या हात."

श्रोतेहो, दोन डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मला तपासलं होतं. मी स्वतः वादक. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी मुकाट्यानं हात पुढे केला.

आता तुम्ही विचाराल, शाळेच्या शिपाईबाईंना हे कसब आलं कुठून? बाईंचे वडील रतनसिंग हे तांड्यावरचे नावाजलेले कारागीर. तिफणी, वखर, जू, शेतीचं सगळं लाकूडकाम त्यांच्या हातचं. त्यांना मुलगा नव्हता. पलीकडून करवत धरायची ती जमनाबाईंनीच. आपल्या शाळेतल्या मोडक्या बाकांना नवे पाय कोण लावतं, असा प्रश्न आपल्याला एकतीस वर्षांत कधी पडला का? मला तरी पडला नव्हता.

सायकल स्टँडच्या मागे मोडक्या बाकांची खोली आहे. पुनम मॅडमनी परवानगी दिली, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे काम सुरू झालं. बाईंनी माझं जुनं मेंडोलिन चाकूनं अलगद उकललं, आत कुठे कोणती पट्टी आहे ते पाहून घेतलं. त्याच्या खुंट्या शाबूत होत्या, त्या काढून ठेवल्या. गळ्यावरचे पितळी पडदे, म्हणजे ज्यांच्या मागे बोट दाबलं की सूर बदलतो त्या बारीक पट्ट्या, एकेक करून उचलले. त्या पडद्यांमधलं अंतर केसाइतकं जरी चुकलं, तरी वाद्य जन्मभर बेसूर राहतं. बाईंनी ती अंतरं पत्र्यावर टोचून घेतली होती. मी विचारलं, "दोऱ्यानं का नाही मापलं?" तर म्हणाल्या, "दोरा ताणतो सर. पत्रा न्हाई ताणत."

गळा सागवानाचा केला. कडांसाठी शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या. त्या वाकवायच्या कशा? लोखंडी पाइपात निखारे भरले, पट्टी गरम पाण्यात भिजवली आणि पाइपावर दाबून दाबून वळवली. पहिली पट्टी तडकली. दुसरी तडकली. मी मोजत बसायचो. नववी पट्टी वळली, तेव्हा बाईंच्या दोन्ही तळहातांवर फोड होते, आणि मी झटक्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो होतो.

मार्चमध्ये वाद्य उभं राहिलं. देखणं, घट्ट, सागवानी पोटाचं. तारा चढवल्या, मी छेडलं. आवाज आला तो कपाटावर टिचकी मारल्यासारखा. एवढी मेहनत डोळ्यांनी पाहिलेली, मी काय बोलणार? म्हणालो, "छान झालंय, बाई."

"खोटं काहून बोलता सर?" त्या म्हणाल्या. "मुकं हाय ते."

आणि माझ्यासमोर त्यांनी पटाशी घातली आणि दोन महिन्यांच्या कामाचं पोट उचकटून काढलं. आतल्या पट्ट्या एकेक करून न्याहाळल्या. मग म्हणाल्या, "चूक समजली. आमी बाक करतो ते हलू न्हाई म्हणून. ह्ये तर हलाय पायजे. मी बाक करून ठेवला सर."

मंडळी, मी संगीत विशारद आहे. तंतुवाद्याबद्दल याहून नेमकं वाक्य मी कोणत्याही गुरूच्या तोंडून ऐकलेलं नाही.

प्रयोगशाळेचं साहित्य फार पूर्वी देवदारी खोक्यांतून आलं होतं. ती खोकी अडगळीत पडली होती. बाईंनी त्यांची एकेक फळी कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवली. मलाही ऐकवली. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. नव्या पोटासाठी त्यांनी दोन निवडल्या, जोडल्या आणि मग रंधा मारत सुटल्या. थोडं तासायचं, वाजवायचं, ऐकायचं. पुन्हा तासायचं. शेवटी तर ती फळी इतकी पातळ झाली की माझा जीव वर-खाली होऊ लागला. आठ तारांचा ताण, पोट बसलं तर? बाईंनाही भीती होतीच. पण हात थांबला नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्यांनी तारांखालची घोडी घासून जागेवर बसवली. मी एकेक खुंटी पिळायला लागलो. लाकूड करकरलं. निलमनं डोळे मिटले. बाईंनी वाद्याखाली हात धरला होता, जणू ते पडणारच आहे. आठही तारा चढल्या. पोट टिकलं. निलमनं माझ्या डाव्या बोटांत तार छेडायची नखी कापडाच्या पट्टीनं बांधून दिली, आणि मी कोपरातून हात हलवून एकच मोकळी तार छेडली.

घोडी घासताना उडालेला बारीक भुसा त्या पांढऱ्या पोटावर पडला होता. तार वाजली आणि तो सगळा भुसा उठला. खरं सांगतो, जागच्या जागी थरथरला, सरकला, आणि सूर विरेपर्यंत स्थिर झाला नाही. सूर तर असा, की माझ्या बरगड्यांपर्यंत पोचला. काल-परवापर्यंत जे खोकं होतं, ते माझ्या छातीशी जिवंत झालं होतं.

बाईंनी हळूच विचारलं, "सर, ह्ये मी केलं व्हय?"

मी पुन्हा तार छेडली.

पुढची दोन वर्षं मी लहान मुलासारखा शिकलो. उजव्या बोटांना सूर शिकवले. आज वर्गात मुलींबरोबर जे वाजतं, ते बाईंचं मेंडोलिन आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्याचा सातवा पडदा किंचित बेसूर आहे. मी तो टाळून वाजवतो. बाईंना संगीत येत नाही, त्यांना काय कळणार, म्हणून मी कधी बोललो नाही. परवा बाई संगीताच्या खोलीच्या किल्ल्या द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या सातव्या पडद्याला टाळून वाजवायची लई तकलीफ व्हती न्हाई का? पह्यल्या दिवसापासून ऐकून राहिले मी. आता मोकळी हाय. द्या, नीट करते."

इतकी वर्षं त्या ते ऐकत होत्या!

बाई, सर्वांसमक्ष सांगतो, ते वाद्य मी देणार नाही. त्यात रेघभरही फरक करायचा नाही. तुम्ही दुसरं करा. हे मी परवाही म्हणालो, तर बाई लाजल्या. म्हणाल्या, "दुसरं धरलंय करायला. सरळ हाताचं."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. शिकवताल का?"

पुनम मॅडमची परवानगी मी घेतली आहे. सोमवारी दुपारी चार वाजता संगीताच्या खोलीत एक नवी विद्यार्थिनी येणार आहे. वय वर्षे साठ. आयुष्यात प्रथमच मला वर्गावर जाण्याची धास्ती वाटते आहे, कारण तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

अध्यक्ष महोदय, पाच मिनिटांची मुदत मी केव्हाच ओलांडली. आपण घंटा वाजवली नाही, याबद्दल आपला ऋणी आहे. आयोजकांचे आणि तांड्यावरच्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणा मान्यवराचं नाव राहून गेलं असेल, शब्द कमी-अधिक झाला असेल, तर मला आपलं मानून पदरात घ्यावं. आणि बाई, तुम्ही सांगू नका म्हणाला होतात तेच मी भरसभेत सांगितलं. त्याबद्दल जी शिक्षा द्यायची ती सोमवारी द्या.

नमस्कार.