गुरगुर

नकोशी : हात लावू नका त्या बटनाला. आधी मला सांगा, माझ्या आबांना तुमी काय सांगणार हाय?

समाधान : ते त्यांनाच सांगेन, ताई.

नकोशी : मग सांगा की. हितंच बसलेत, आतल्या स्टुलावर. पण उजवा कान पार गेलाय त्यांचा, आन् डाव्यात तोंड घालून वरडावं लागतं. वरडाल? एका अंगाला चहाची गाडी, दुसऱ्या अंगाला मोबाईलचं दुकान. निम्मी बारामती ऐकंल.

समाधान : तेच तर नको आहे. ओरडून सांगण्यासारखं असतं, तर एकतीस वर्षं थांबलो नसतो.

नकोशी : ती एकतीस वर्षं आमी पण मोजलीत. परवा फोनवर तुमी म्हणालात, ‘कळंबचा समाधान बोलतोय, ज्ञानूचा धाकटा भाऊ’, तवा मी फोन ठेवूनच देणार हुते. तुमचा भाऊ आमच्या माईकला चिकटून गेला, खरं हाय. पण त्या दिवसापासनं आमी काय सोसलं ते ठाव हाय तुमाला? आठ वर्षांची हुते मी. शाळेच्या वाटंवर पोरं म्हणायची, माणूसमाऱ्याची पोरगी आली. महिन्याभरात आबांनी लाऊडस्पीकरचा सेट विकला, घराला कुलूप लावलं, आन् आमाला घेऊन हितं आले.

समाधान : माहीत आहे मला.

नकोशी : शिव्या द्यायच्या असतील तर हितनंच माघारी फिरा. बहात्तर वर्षांचं माणूस हाय ते.

समाधान : शिव्या द्यायला आलो नाही. आई गेली माझी, मागच्या महिन्यात. ती होती तोवर मला तोंड उघडता येत नव्हतं. आता उघडलं नाही, तर कधीच उघडणार नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, या जुन्या रिसिव्हरला हेडफोन लावला तर सावळारामतात्यांना हळू बोललेलंही ऐकू येईल. म्हणून आलो.

नकोशी : येईल की. मी कानाला लावून बघितलंय. पण ते घालत न्हाईत.

समाधान : का?

नकोशी : तुमी इचारताय मला, का म्हणून?

सावळाराम : नकोशेऽ! कोन हाय गं त्यो? काय बिघाडलंय त्येचं?

नकोशी : गिऱ्हाईक हाय, आबाऽ! गिऱ्हाईक! तुमी चहा प्या!

सावळाराम : मग असा काय बघतुय माझ्याकडं?

समाधान : खोटं कशाला सांगितलंत?

नकोशी : काल काय झालं ते ऐका, मग म्हणा. दोन दिवस मी ह्यो डबा खोलून बसले हुते. इंदापूरच्या भंगारवाल्याकडनं आणलेला, पन्नास वर्षांचा जपानी रिसिव्हर, रेडिओ आन् ॲम्प्लिफायर एकाच डब्यात. आतनं झाडला, दोन कपॅसिटर बदलले, आवाजाचं बटन करकरत हुतं ते धुतलं. आबा शेजारी बसून बघत हुते, खूश हुते. पण मी ह्यो हेडफोन काढून पुढं ठेवला, तसे उठून बाहीर गेले. राती जेवले न्हाईत.

समाधान : कानाचं मशीन का नाही घेतलं?

नकोशी : दोन झाली. शिट्ट्या मारत्यात म्हणून डब्यात टाकली. आन् ह्यो जड हेडफोन मोबाईलला लावला तर नुसता कुजबुजतो. ह्या जुन्या मशीनला बळ हाय. मोठाले स्पीकर हलवायला बनवलंय ते. स्पीकरचं बटन बंद केलं की तेच बळ हेडफोनला मिळतं. पुढं माईक लावायची जागा पण हाय. तुमी हळू बोललात तरी त्यांच्या कानात घुमंल. दुसऱ्या कुणाला न्हाय ऐकू येणार. मला सोडून. मी हितंच उभी राहणार.

समाधान : राहा. तुम्हीही ऐकायला हवं.

सावळाराम : ए बाबा. हिकडं ये. असा उजेडाला ये. कळंबचा का तू?

नकोशी : आबा...

सावळाराम : ह्ये कपाळ ताईबाईचं हाय. ताईबाईचा धाकला तू. समाधान. व्हय का न्हाय?

समाधान : होय, तात्या.

सावळाराम : काय म्हनला त्यो?

नकोशी : व्हय म्हणलेऽ!

सावळाराम : मारायचं आसंल तर मार बाबा. म्या तवाच म्हनलं हुतं तुझ्या आयला, मला मारा. कुनी हात लावला न्हाय. नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं.

नकोशी : त्यांला बोलायचंय, आबा! हळू बोलायचंय! हेडफोन घालाऽ!

सावळाराम : त्ये न्हाय घालायचं.

नकोशी : थोडाच यळ!

सावळाराम : त्ये कानावर हुतं म्हनून मानूस गेला, नकोशे. समदी वस्ती वरडत हुती, बंद कर, बंद कर. दोनशे मानूस. आन् म्या दोनी कान झाकून, मान खाली घालून रेकॉर्डिंगचा काटा बघत बसलोय. ज्ञानूचा सूर तुटला तवा मला वाटलं, वायर निसाटली. वायर! वर बघितलं तवर...

समाधान : ताई, त्यांना सांगा, मी ज्ञानूदादाचंच बोलायला आलोय. माईकवर उभं राहण्याआधी तो माझ्याशी काय बोलला, ते.

नकोशी : तुमी आधी मला सांगा. मग ठरवते मी.

समाधान : नाही. आधी त्यांना. एवढं एक ऐका माझं.

नकोशी : ...आबा! ज्ञानूचं बोलायचंय म्हणत्यात! त्यो शेवटाला काय बोलला ते सांगायचंय!

सावळाराम : ज्ञानू? काय बोलला हुता?

नकोशी : मला सांगत न्हाईत! तुमालाच सांगणार म्हणत्यात!

सावळाराम : ...दे मग. पर तूच घाल.

नकोशी : थांबा, आधी मशीन चालू करू द्या. चालू होताना कानाला हिसका बसतो. दहा मोजायचं, मगच हेडफोन खोचायचा. आठ... नऊ... दहा. हां. आवाज खाली हाय. बोला भाऊ, कायबी बोला, मी हळूहळू वाढवते.

समाधान : तात्या. तात्या, ऐकू येतंय का?

नकोशी : न्हाय अजून. बोलत ऱ्हावा.

समाधान : तात्या, मी समाधान. ज्ञानूचा भाऊ.

सावळाराम : थांब! वाढवू नगंस आता. आलं.

(सावळाराम दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरतो. यापुढे तिघेही हळू बोलतात.)

समाधान : त्या दिवशी, जयंतीच्या कार्यक्रमाला, सेट लावून तुम्ही जेवायला गेलात. आमच्याच घरी.

सावळाराम : ताईबाईनं वाढलं हुतं. वस्तीत जेवलो म्हनून भावकीनं मागनं लई टोचलं मला.

समाधान : तेवढ्या वेळात दादा माईकवर सूर लावून बघत होता. आवाजात गुरगुर होती. बारीक, सारखी. तो कावला. म्हणाला, ‘आपलं पहिलं रेकॉर्डिंग हाय समाधान, ही गुरगुर आली तर कॅसेट कुणाला ऐकवायची?’ मी एकोणीस वर्षांचा होतो, नुकताच आयटीआयला लागलेलो. कुणाकडून तरी ऐकलं होतं, अर्थिंगची वायर काढली की गुरगुर जाते. मी तुमच्या बोर्डाची पिन खोलली आणि हिरवी वायर काढली.

नकोशी : काय केलंत?

समाधान : अर्थिंग काढलं. गुरगुर गेली. दादा हसला. म्हणाला, ‘शाबास! इंजिनियर झालास की.’ तेच शेवटचं. पुढं ॲम्प्लिफायरच्या आत कुठंतरी करंट उतरला आणि माईकच्या दांड्यात आला. अर्थिंग जागेवर असतं तर फ्यूज उडाला असता, संपलं असतं. धुरळा बसावा म्हणून बायांनी पाणी मारलं होतं. ओल्या जमिनीवर दादा अनवाणी उभा. करंटला जायची सरळ वाट मी तोडली होती, तात्या. मग तो दादातून गेला.

नकोशी : आन् तुमी गप बसलात.

समाधान : गप बसलो. गर्दी दादाभोवती होती, तेव्हा मी मागं जाऊन ती वायर परत पिनेत बसवली. पोलीस यायच्या आधी. लोक म्हणायला लागले, सावळारामानं आपल्या वस्तीला भंगार सेट दिला, वरच्या आळीला चांगला देतो. आई मरेपर्यंत हेच म्हणत राहिली. मी शेजारी बसून ऐकत राहिलो. आता मी आयटीआयला शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना हिरवी वायर हातात धरून दाखवतो. दादाचं नाव मात्र घेत नाही.

नकोशी : उठा. उठा हितनं.

समाधान : ताई...

नकोशी : माझ्या आईनं कळंबचं तोंड पुन्यांदा बघितलं न्हाय. मामाच्या लग्नाला गेली न्हाय. पिन तुमी खोलली, आन् शिक्षा आमाला? एक शब्द बोलायला एकतीस वर्षं? आईच्या म्हातारपणाचं सांगू नका मला. माझी पण आई म्हातारी हुती!

सावळाराम : नकोशे. गप.

नकोशी : गप का बसू? आबा, तुमी ऐकलं का ह्यो काय म्हणाला ते?

सावळाराम : ऐकलं. मला ठाव हुतं.

नकोशी : ...काय ठाव हुतं?

सावळाराम : जेवाय जाताना गुरगुर हुती. परत आलो, कानावर घातलं, तर न्हवती. पंधरा वर्सं सेट लावत हुतो म्या. गुरगुर आपसूक जात न्हाय, येवढं कळत न्हाय व्हय मला? वळखलं म्या. कुनीतरी अर्थिंग काढलंय.

समाधान : तुम्हाला कळलं होतं?

सावळाराम : बोर्ड धा पावलांवर हुता. उठून बघायचं, येवढंच काम. पर आवाज कसा निर्मळ आला हुता त्या दिशी! आन् ज्ञानू असा गात हुता की म्हनलं, ह्ये येक गानं हू दे. ह्ये झालं की बघू. पोरा, तू शिकाऊ हुतास. धंदा माझा हुता.

समाधान : मग पोलिसांना सांगितलं का नाही? वायर कुणीतरी काढली होती, एवढं तरी सांगायचं.

सावळाराम : पंचनाम्याला वायर जागेवर दिसली, तवाच समजलो. ज्येनं काढली त्येनंच लावली. कोन, ते म्या हुडकलं न्हाय. त्येचं निघालं असतं तर माझं पन निघालं असतं. लोक म्हनले असते, तुला ठाव हुतं तर उठला का न्हाईस? त्यापरीस भंगार सेट दिला, ह्ये बरं वाटलं. कान झाकलं हुतं, ऐकू आलं न्हाय, ह्ये बरं वाटलं.

समाधान : तात्या, मी इतकी वर्षं समजत होतो, तुम्ही माझं पाप वाहताय.

सावळाराम : माझंच वाहत हुतो.

समाधान : रविवारी आईचं पुण्यानुमोदन आहे, कळंबला. सगळी वस्ती असेल, वरच्या आळीतलेही येतील. मी उभा राहून सांगणार आहे. ठरवूनच आलोय.

नकोशी : नोकरीवर येईल तुमच्या.

समाधान : येऊ दे. आठ वर्षं राहिलीत. आली तर आली.

सावळाराम : तुझं तू सांग. पर माझ्या वाटनीचं तू सांगू नगंस. त्ये म्या सांगीन.

समाधान : लोक चिडतील, तात्या. दोन्हीकडचे.

सावळाराम : चिडू देत. नेशील का मला? यष्टीत मला पाटी वाचाय येती, पर कंडक्टरचं ऐकू येत न्हाय.

समाधान : मी न्यायला येतो. सकाळी आठला. येतो मग. ताई, येतो.

सावळाराम : गेला का? नकोशे, माईक घे की हातात. काय आसंल ते बोल. शिव्या घाल.

नकोशी : आई शेजारणींना सांगायची, माझ्या मालकाची काय चूक न्हवती, नशीब वाईट. तुमी समोर बसून ऐकायचा. तवा तर कान धड हुते तुमचे.

सावळाराम : हुते.

नकोशी : मी कशापायी शिकले ह्यो धंदा? बाईमाणूस काय दुरुस्त करणार, म्हणून गिऱ्हाईकं दारातनं माघारी जायची. तरी बसले. म्हणलं, कळंबवाल्यांना एक दिवस कळंल, ह्यांच्या हातात खोट न्हवती.

सावळाराम : हातात न्हवती, पोरी. हात चांगला हुता.

नकोशी : रविवारी मी येणार न्हाय.

सावळाराम : बरं.

नकोशी : डबा बांधून देईन. पण येणार न्हाय.

सावळाराम : नगं येऊस.

नकोशी : मला यळ लागंल, आबा. लई यळ लागंल... ऐकू आलं का?

सावळाराम : आलं. समदं आलं.