कुंभार पिंपळगावला जाझ पाहिजे होतं

—न्हाई हो, सांगितलं ना, आदिनाथ पुण्याला गेलाय. परवाच गेला. का तेरवा — मला वार लक्षात राहत न्हाईत. बाबा सगळी बँडपार्टी घेऊन केदारखेड्याच्या लग्नाला गेलेत, दुकानात मी एकटीच आहे — म्हणजे एकटी न्हाई, शेजारी बियाण्याच्या दुकानात माणसं बसलेली असतात कायम, नुसती हाक मारायची देर. तुम्ही बसा ना, भाऊ. उभंच राहायचं असलं तर राहा. फक्त ते हेल्मेट काढता का? तोंड दिसलं न्हाई की मला बोलताच येत न्हाई — आई गं! — काही न्हाई, काही न्हाई, कुकरची शिट्टी. मीच लावलाय अन् मीच दचकून राह्यले. लहानपणापासून असंच. आदिनाथ म्हणतो, तू स्वतःच्या सावलीला पण 'कोण?' म्हणून विचारतेस.

कुंभार पिंपळगावहून आलात ना? गाडी उभी केली तेव्हाच ओळखलं मी. सर्जेरावांनीच पाठवलं असंल. 'जालन्याला येऊन बघतो तुझ्याकडं' म्हणाले होते ते माझ्या भावाला, आदिनाथला, सगळ्या वऱ्हाडासमोर. बघा, पण आधी माझं ऐकून घ्या, अन् जाऊन बराबर तसंच सांगा. त्यांचा फोन मीच उचलला होता. पुतण्याचं लग्न आहे म्हणाले, नुसते ढोल अन् पिपाण्या नको, जाझ पाहिजे, जाझ! आता आपल्याकडं जाझ म्हणजे काय? — हां, तेच. तो मोठा ड्रमसेट, गाडीवर ठेवून वाजवतात तो. अख्ख्या जिल्ह्यात त्याला जाझच म्हणतात. पण जाझ नावाचं एक संगीत पण असतं, परदेशातलं, अन् आमच्या घरात दिवसभर तेच चालतं. बाबांचा सॅक्सोफोन आदिनाथच्या हातात आला, त्यात फोनवर त्यानं कुठल्या तरी गोऱ्या म्हाताऱ्याला वाजवताना ऐकलं — झालं, लागलं वेड. मी जाऊन सांगितलं, आदि, पिंपळगाववाल्यांना जाझ पाहिजे. तो जेवत होता. घास हातातच राह्यला. 'ताई, नक्की? जाझच म्हणाले?' मी म्हटलं, दोनदा म्हणाले. मंग काय विचारता! गच्चीवर जाऊन वाजवायचा, खाली येऊन मला विचारायचा, हे समजंल का गं त्यांना? मी म्हणायचे, त्यांनी मागितलंय तर समजंलच ना.

मी नव्हते हो तिथं. आमच्या ड्रमवाल्या भारतनं सांगितलं, अन् नंतर तो व्हिडिओ तर सगळीकडं फिरला. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघालेला, पोरं पुढं नाचून राह्यलेली. आदिनाथनं नेहमीचं लग्नाचं गाणं धरलं, पहिली ओळ बराबर वाजवली, सगळ्यांनी हात वर केले — अन् हा निघाला दुसरीकडंच! माणसं हात वर करून उभी. आता येईल गाणं परत, आता येईल. गाणं काही येईना. हा डोळे मिटून आपल्याच रस्त्यानं. एक जण म्हणाला, अरे, ह्याची पिपाणी अडकली, पाणी पाजा रे कुणीतरी. सगळे हसले. एक बाई म्हणाली, वरात आहे का मयत? सर्जेराव ओरडले, बंद कर ते! पण ह्याला ऐकूच जाईना, अन् तेवढ्यात कुणीतरी समोरून सॅक्सोफोनला धक्का दिला — नळी तोंडातच होती की हो त्याच्या! ओठ फाटला. पांढऱ्या कोटावर सगळं रक्त. व्हिडिओत ते न्हाई. व्हिडिओ हसण्यावरच संपतो.

पण खरं सांगू? मला त्या लोकांचा राग येत न्हाई. का आवडावं त्यांना? सांगा ना. माणूस वर्षभर दचकतच जगतो. रात्री फोन वाजला की दचका, आभाळ भरून आलं की दचका, पोराचा निकाल लागला की दचका. मंग लग्नाचा एक दिवस येतो, त्या दिवशी तरी पुढं काय येणार ते माहीत असावं की न्हाई? गाण्याची पुढची ओळ आधीच ओठावर असते, पाय आपोआप पडतात, शेजारचा पण तेच नाचतो — त्याचीच तर मजा असते. अन् हा गडी म्हणतो, न्हाई, पुढं काय ते मलाच अजून ठाऊक न्हाई, चला माझ्याबरोबर! कोण जाईल? कॉलेजात आम्हाला शिकवायचे, रसिकता वाढवली पाहिजे, अमकं अन् तमकं. रसिकतेचं काय न्हाई हो त्यात. भीती आहे ती. मला कळते ना, मी जिल्ह्यातली सगळ्यात भित्री. पहिल्यांदा त्यानं माझ्या कानात हेडफोन घातले तर मी काढून फेकले. मंग दुसऱ्यांदा ऐकलं. दचकले — अन् काहीच झालं न्हाई. परत दचकले, परत काही न्हाई. असं दुसरीकडं कुठं असतं का? दचकायचं अन् वाईट काहीच घडायचं न्हाई. तेव्हापासून रोज ऐकते. पण हे लोकांना कसं समजावणार? अन् आता कुणाला समजवायचं पण न्हाई मला. ओठ बघवत न्हाई त्याचा, आज सकाळी हळद लावली तर —

आज न्हाई. गेला त्या दिवशी. पुण्याला जायच्या आधी. मी आज म्हणाले का? — ते? मांजर आहे. वरच्या खोलीत मांजर असतं आमचं. भाऊ, हे बघा, मी पाया पडते तुमच्या, त्याला काही करू नका. तो वाजवणार न्हाई आता. कालच मी त्याला शप्पथ घालून राह्यले होते, की इथून पुढं नेहमीचीच गाणी, जशीच्या तशी. तुमचं नाव तरी सांगा, मी बाबांना —

अप्पाराव? म्हणजे सर्जेरावांचे धाकटे — म्हणजे नवरदेवाचे वडील तुम्ही? — हेल्मेट — हां, काढा — अहो, केस पांढरे झालेत तुमचे, अन् मी मघापासून भाऊ भाऊ करून राह्यले. काका, तुमच्याच पोराच्या मिरवणुकीचं वाटोळं झालं. तुम्ही शिव्या द्या, मला द्या, मी ऐकून घेते. पण वर जाऊ — काय? हे काय गुणगुणताय? थांबा. परत म्हणा. — हे तर — हे सगळे हसले त्याच्या नंतरचं आहे. हे व्हिडिओत न्हाई. हे तो गच्चीवर बसवत होता, हळूहळू वर चढतं अन् मधेच सोडून देतं ते. एकदाच तर वाजवलं त्यानं तिथं. तुम्हाला कसं येतं?

परत ऐकायचंय? — कुणाला? — तुम्हाला?

न्हाई. न्हाई हो काका, असं म्हणू नका. काल शप्पथ घालत होते तेव्हा त्यानं हेच तर म्हटलं, ताई, एक माणूस, एक जरी माणूस परत ऐकायला आला तर मी सोडणार न्हाई. न्हाई आला तर तू म्हणशील तसं. अन् तुम्ही आलात! तुम्ही ऐकाल, डोळे मिटून ऐकाल, मानते मी. पण तुम्ही एकटेच. बाकीचं गाव तेच असंल. तो परत कुठल्या तरी मिरवणुकीत डोळे मिटंल, अन् या वेळी ओठावर भागलं न्हाई तर? दात गेले तर? डोळा गेला तर? तेव्हा तुम्ही असाल का पुढं उभे? — जा तुम्ही. दुकान बंद झालं. जा म्हणते ना! हात काढा, शटर लागंल तुम्हाला. माफ करा काका. हात काढा.

— काय रे? खाली उतरू नकोस! — रस्त्यावरची गाडी असंल. स्टेशनला चाललं असंल कुणीतरी. — न्हाई. कुणी न्हाई, आदि. कुणीच आलं न्हाई.