तळ्याच्या मध्यावरचा दंतवैद्य

हॅलो?… हो, मीच. विभागातल्या माझ्या खोलीतला फोन माझ्याशिवाय कोण उचलणार… नाही, रागावले नाहीये. सकाळपासून तू इतक्यांदा फोन केलास की शेजारच्या खोलीतले प्राध्यापक आता तुझी ख्यालीखुशाली विचारू लागलेत. बोल…

हळू बोल. वारा बोलतोय की तू, तेच कळत नाही… कोण बसलंय?… कुठे?

थांब. मला नीट समजू दे. तुझे यजमान, पंचेचाळिशीचे गृहस्थ, व्यवसायाने दातांचे डॉक्टर, तळ्याच्या मधोमध, पायाने चालवायच्या हंसाच्या आकाराच्या बोटीत बसलेत आणि काठावर यायला तयार नाहीत. बरोबर?… गुलाबी? मी रंग विचारला नव्हता. तरी तपशिलाबद्दल आभारी आहे.

मग हाक मार… मारलीस. मग?… हात हलवला. म्हणजे ऐकू येतंय, फक्त ऐकायचं नाहीये.

अगं ऐक ना… चिमे, ऐक. रडू नकोस. तू रडायला लागलीस की तुझी वाक्यं पूर्ण होत नाहीत, आणि अर्धवट वाक्यांचा मला इथे पुरेसा रतीब आहे. शब्दकोशाची मुद्रितं तपासायला पडलीत समोर… त्यांना फोन का नाही लावत?… बुटात. फोन बुटात ठेवला आणि बूट काठावर. मोजे?… घडी घालून. हं. म्हणजे माणूस तावातावाने गेलेला नाही, विचार करून गेलाय. हे जास्त गंभीर आहे.

भांडलात का?… नाही, तेही खरंच. त्यांना भांडायची सवय कुठून असणार? त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला उलट बोलताच येत नाही.

हो, हो… माहीत आहे मला. डोंगरातली तीन तळी, दोन दिवस, मुलगी तुझ्या सासूबाईंकडे, तुम्ही दोघंच. महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसले होते, तूच सांगत होतीस… क्रम मी बदलला? मी काही बदललं नाही. तू विचारलंस, आधी कुठलं तळं, मी म्हटलं वरचं. चढण सकाळी चढावी, हे कुणीही सांगेल… धुकं होतं? मग धुक्याला मी काय करणार… काहीच दिसलं नाही? तळंसुद्धा नाही? बरं.

आणि काठाने उलटे फिरलात ते कुणाच्या… तेही मीच. बोटी उत्तरेच्या काठावर मिळतात असं माझ्याकडच्या पुस्तकात छापलंय… दक्षिणेला. अख्ख्या तळ्याला वळसा, सामानासकट… आणि ते काही बोलले नाहीत?… सगळं सामान त्यांनीच उचललं. हं. पुस्तक जुनं आहे.

नाही, मी स्वतः कधी गेले नाही तिथे. मुद्दा तो नाहीये.

कोण? नाववाला? त्याला माझ्याशी काय बोलायचंय?… दे.

हॅलो. नमस्कार… हो, तिची थोरली बहीण. ताई म्हणतात ती मीच. तुम्हाला कसं कळलं?… ते जाताना बोलले. काय बोलले?… संकोच नको, दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी ऐकणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे… 'ताईंचा फोन संपला की येतो.' बरं. आणि त्याआधी?… तिचा एक पाय बोटीत, एक काठावर. त्यांनी हात धरलेला… मग तिने फोन लावला… आणि बोटीतला पाय मागे घेतला. समजलं. द्या तिला.

चिमे, तू मला हे सांगितलं नाहीस… नाही, आता मी बोलते. तू एवढंच विचारलंस, ताई, बोटीत बसू का. कुठल्या बोटीत, कुणाबरोबर, हे मी विचारलं नाही. मुद्रितावरची मान वर न करता म्हटलं, नको, तुला पोहता येत नाही. आणि तू पाय काढून घेतलास, त्यांच्या डोळ्यांदेखत…

माझं चुकलं असं मी म्हणत नाहीये. तुला पोहता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण एक माणूस लाइफ जॅकेट हातात धरून तुझ्यासमोर उभा असताना तो प्रश्न डोंगर उतरून माझ्या टेबलावर कशासाठी यायला हवा होता?

हो… आई गेली तेव्हा विचारायचीस, ते ठीक होतं. तेव्हा तू शाळेत होतीस. आता तुझी मुलगी शाळेत जाते, आणि तिचं नाव मी ठरवलं. घराचे पडदे मी ठरवले. दवाखान्याच्या भिंतींचा रंगसुद्धा. तो माणूस इतकी वर्षं माझ्या आवडीच्या भिंतींकडे तोंड करून लोकांचे दात काढतोय, आणि एका अक्षराने बोललेला नाही…

बोललेत? केव्हा?… काल, तिथे पोचल्यावर. काय म्हणाले?… 'उद्या बोटीत आपण दोघंच. एकदा तरी माझ्या भरवशावर बस.' हे तू आत्ता सांगतेस. आणि त्यावर तू काय म्हणालीस?

'ताईला विचारते.'

नाही, काही नाही. चष्मा काढून ठेवला.

आता काय करू, हे मला विचारू नकोस… तेही नको… 'बसू का' हे तर मुळीच नको… हो, आहे मी. फोन तुटलेला नाही. उत्तर देत नाहीये, एवढंच… रागावून नाही गं. बरं, रागावूनच, पण तुझ्या एकटीवर नाही… भीती वाटते, ठाऊक आहे मला. मला इथे कोरड्या जमिनीवर बसून वाटतेय. म्हणूनच माझं मत घेऊ नकोस… अगं, ऐकतेस का? ते वाट बघतायत. माझी नाही.

नाववाल्याकडे फोन दे… दे म्हटलं ना. हे शेवटचं सांगणं समज.

हॅलो. दुसरी बोट आहे का तुमच्याकडे?… बदक. ठीक आहे, बदक चालेल. तुम्ही सोबत बसाल ना?… नाही, मी तिला जा म्हणत नाहीये. थांब असंही म्हणत नाहीये. तुम्ही तिलाच विचारा… मला नाही हो, तिला… आणि जॅकेटचे पट्टे तेवढे… नाही, काही नाही. तुमचं काम तुम्हाला कळतं.

काय म्हणाली?… नको. मला सांगू नका.

हा फोन तुमच्या खिशात राहू द्या. वाजला तर उचलू नका. मीच असेन.